उजवीकडून ओढलेला चौकोन

गर्दीच्या फोटोतून एखादा माणूस वेगळा काढून द्यायचा असला, की काका आधी बाकीच्यांची माफी मागायचे. खुर्चीत सावरून बसायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहून म्हणायचे, "माफ करजा बाप्पा, तुमाले बाहेर ठेवून राह्यलो." मगच त्यांचा उजवा हात माऊसवर जायचा. समोरचं गिऱ्हाईक पहिल्यांदा आलेलं असलं, तर ते बावरून माझ्याकडे पाहायचं. मी नुसती मान हलवायचो. आमचे काका असेच आहेत, एवढाच त्या मान हलवण्याचा अर्थ.

मेहकरच्या बसस्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता, आणि मागच्या बाजूला घर. मी तिथे दोन वर्षं कामाला होतो. माझं गाव संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. जिल्हा एकच, पण आम्ही एका टोकाला आणि मेहकर दुसऱ्या. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी घरी बसलो होतो. मेहकरला माझी आत्या राहायची. तिने काकांना सांगून ठेवलं, की माझ्या भाच्याला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं. सगळं येत नव्हतं. पण मी ते काकांना सांगितलं नाही. त्यांना न सांगितलेल्या गोष्टींतली ही पहिली, आणि सगळ्यांत किरकोळ.

पहिल्या भेटीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुले कात्री बनवता येते काय?"

मला वाटलं, माणूस थोडा हललेला असावा.

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्याकडे खेड्यापाड्यांतून जास्त काम यायचं ते गेलेल्या माणसांच्या फोटोंचं. घरातला कोणी गेला की लक्षात यायचं, त्याचा एकट्याचा फोटोच नाही. कोणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोत तो मागच्या ओळीत उभा असायचा, तेवढाच. मग तो फोटो घेऊन मुलं मेहकरला यायची, आणि तेरवीच्या आत बाप वेगळा काढून, मोठा करून, फ्रेममध्ये बसवून द्यायचा असायचा. काकांनी पंचवीस वर्षं हे काम काळ्या पुठ्ठ्याच्या खिडक्यांनी केलं होतं. पुठ्ठ्याला चौकोनी भोक. ते भोक फोटोतल्या चेहऱ्यावर ठेवायचं आणि वरून कॅमेऱ्याने तेवढाच भाग टिपायचा. अशा लहानमोठ्या खिडक्यांचा एक पत्र्याचा डबा त्यांच्याकडे होता.

आता कॉम्प्युटर आला होता, स्कॅनर आला होता. फोटो कापायचे प्रोग्रामही गावात सगळ्यांकडे होते, एकाच्या सीडीवरून दुसऱ्याने उतरवून घेतलेले. काकांना ते चालत नव्हतं.

"मेलेल्या माणसाले चोरीच्या कात्रीनं काहाले कापू बे?" ते म्हणाले. "तू बनव. आपली सोताची."

अशी मी कात्री बनवली. प्रोग्रामचं नावही 'कात्री' असंच ठेवलं. त्यात काम एकच: फोटोवर माऊसचं बटण दाबायचं, दाबून धरून ओढायचं, चेहऱ्याभोवती तुटक रेषेचा चौकोन तयार होतो, बटण सोडलं की तेवढा तुकडा वेगळा साठवला जातो. मला वाटलं होतं, आठ दिवसांचं काम आहे. काकांनी ते वर्षभर पुरवलं.

पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी मोठ्या ऐटीत होतो. काकांनी बटण दाबलं, त्यांचा विचार बदलला, तिथल्या तिथे सोडलं. प्रोग्राम बंद पडला.

"काय झालं?"

"काका, तुमी ओढलंच नाही. चौकोन शून्य आला."

"मंग? माणसानं दाबलं, वाटलं नको, सोडून देलं. हा काई गुन्हा हाय?"

मी ते दुरुस्त केलं. मग म्हाताऱ्या हातांचा विषय निघाला. "ज्याचा हात कापते, त्याचा बाण दाबल्या दाबल्या दोन-चार दाणे सरकणार. त्याले चौकोन समजू नको." पडद्यावरच्या ठिपक्यांना काका दाणे म्हणत. म्हणून कात्रीत चार दाण्यांपर्यंतचं थरथरणं माफ झालं. मग मधेच मन बदललं तर ओढणं सोडून देता यावं, याकरता एक बटण. मग कडेच्या माणसांचं प्रकरण.

फोटोच्या अगदी कडेला उभ्या माणसाभोवती चौकोन ओढायला गेलं, की बाण फोटोच्या बाहेर जायचा आणि चौकोन सुटून जायचा. काकांना हे अजिबात सहन झालं नाही.

"धरलेला हात असा सुटते काय बे?"

"काका, थोडं आतूनच ओढा नं."

"आतून ओढलं तं त्याचा कान जाईन. कडेले कोण उभं राह्यते, मालूम हाय? ज्याले कोणी मधात बोलवत नाही तो. जितेपणी बी कडेले, अन् मेल्यावर बी त्याचाच कान कापू?"

या युक्तिवादाला डिप्लोमात उत्तर नव्हतं. एकदा फोटोवर बटण दाबलं की बाण कुठेही भटकला तरी चौकोन हातात राहील आणि फोटोच्या कडेशी येऊन थांबेल, अशी सोय मी दोन दिवस बसून केली. काका खूश झाले की मला 'बापू' म्हणत आणि रागावले की 'इंजिनिअर'. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत बापू होतो.

बटण दाबल्यापासून सोडेपर्यंत काका बोलायचे नाहीत, आणि श्वासही घ्यायचे नाहीत. दाबणं, ओढणं आणि सोडणं ही त्यांच्या मते तीन कामं नव्हती, एकच काम होतं, आणि त्यात तोंड उघडलं की हात हलतो. एकदा काकूंनी दुकानापुढच्या ओट्यावर ताटात मुगवड्या वाळत घातल्या होत्या. शेजारच्यांची बकरी आली. काकू आतून ओरडल्या, "अवो, बकरी हाकला! वड्या खाऊन राह्यली!" बकरी काकांच्या समोर, दारात. काकांचं बोट बटणावर, चौकोन अर्धा ओढलेला. त्यांनी डोळे वटारले, भुवया उडवल्या, नाक फेंदारलं. बकरीने चावता चावता त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. काकू धावत बाहेर आल्या तेव्हा ताटात पाच-सहा वड्या उरल्या होत्या. काकांनी चौकोन पुरा केला, बटण सोडलं, श्वास सोडला आणि म्हणाले, "हं, आता बोल. काय म्हणत होती?"

काकू पुढचे दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. "तिनं बी बटन दाबून ठेवलं," काका मला म्हणाले.

मी तेव्हा दुकानातच होतो, बकरीपासून चार पावलांवर. मी हाकलू शकलो असतो. पण मला पुढे काय होतं ते पाहायचं होतं. काकूंना हे मी अजूनही सांगितलेलं नाही.

चौकोनात कोण येतं ते कोणीही पाहतं, असं काकांचं म्हणणं. "बाहेर कोण राह्यते, ते पाह्य आधी. तो बी कोणाचा तरी कोणी हाय." जुन्या ग्रुप फोटोंमध्ये माणसांचे एकमेकांच्या खांद्यांवर हात असतात. ज्याला काढायचं त्याच्या खांद्यावर हात दिसला, की काका गिऱ्हाइकाला विचारायचे, "हा हात कोणाचा?" आणि उत्तर मिळेपर्यंत काम सुरू व्हायचं नाही. कोणी सांगायचं, मामाचा. कोणी सांगायचं, दोस्ताचा, तोही गेला. बाया रडायच्या. काका ऐकून घ्यायचे. आणि मग त्यांचा नियम असा, की ज्या बाजूला हात आहे त्या बाजूने शिरायचं नाही. मोकळ्या बाजूने सुरुवात करायची आणि हाताशी जाऊन थांबायचं. "तो हात शेवटी सोडवाचा."

यातूनच सगळं झालं.

आपण बहुतेक सगळे चौकोन डावीकडून उजवीकडे ओढतो. मीही कात्री तशीच तपासली होती. एक दिवस एका फोटोत पडद्यावरच्या डाव्या बाजूच्या खांद्यावर हात आला, काकांनी उजवीकडून डावीकडे ओढलं, आणि कात्री बंद पडली.

"काका, डावीकूनच ओढत जा नं."

"कात्री मायी हाय का मी कात्रीचा हाय? दुरुस्त कर, इंजिनिअर. अन् चारी कोपऱ्यांतून ओढून पाह्यजो."

प्रोग्रामचा हिशोब सोपा होता. बटण दाबलं तो पहिला कोपरा. तिथून उजवीकडे किती आणि खाली किती, एवढंच त्याला कळायचं. उलटं ओढलं की रुंदी उणे यायची आणि तो गोंधळून बंद पडायचा. मी काय केलं, तर ते उणेचं चिन्ह पुसून टाकलं. कात्री बंद पडायची थांबली. आणखी एक गोष्ट करायला हवी होती, पहिला कोपरा डावीकडे सरकवायला हवा होता. ती मला सुचली नाही. एकदा उजवीकडून ओढून पाहिलं. चेहऱ्याभोवती तुटक रेषेचा चौकोन नीट आला, प्रोग्राम बंद पडला नाही. तुकडा काय कापला गेला, ते मी उघडून पाहिलं नाही.

कारण मला बस पकडायची होती. वडनेर भोलजीला मुलगी पाहायला जायचं होतं. वडील परस्पर तिकडे येणार होते, आणि खामगावची गाडी स्टँडवर लागलेली दारातून दिसत होती.

मी पिशवी उचलली तेव्हा काकांनी विचारलं, "ओढून पाह्यलं?"

"हाव काका."

"चारी कोपऱ्यांतून?"

"चारी."

वडनेरच्या मुलीला मी पसंत पडलो नाही. म्हणजे ज्या बसकरता खोटं बोललो, ती बसही फुकटच गेली.

मी नसताना, दुसऱ्याच दिवशी, जवळच्या एका खेड्यातला मुलगा बहिणीच्या लग्नाचा फोटो घेऊन आला. त्याचे वडील गेले होते. फोटोत वडील उभे आणि त्यांच्या शेजारी बहिणीचे सासरे, म्हणजे व्याही. आमच्याकडे इवाई म्हणतात. दोघांच्या डोक्याला एकाच माणसाने बांधलेले एकाच रंगाचे फेटे, दोघांना भरघोस मिशा, चेहरे तुरीच्या दाण्याएवढे. पडद्यावर पाहताना वडिलांच्या डावीकडे त्यांचा भाऊ, त्याचा हात खांद्यावर. उजवीकडे इवाई, हात खाली सोडून, अदबीने. काकांनी नियमाप्रमाणे उजवीकडून ओढलं. पडद्यावर चौकोन वडिलांभोवती. त्यांनी बटण सोडलं.

आणि कात्रीने त्या कोपऱ्यापासून उजवीकडे, तेवढ्याच रुंदीचा, इवायांचा चेहरा कापून ठेवला.

तुकडा सीडीवर खामगावला लॅबमध्ये गेला, मोठा होऊन बसने परत आला. काकांनी पाहिला. फेटा होता, मिशी होती, चेहरा मोठा केल्यावर धूसर व्हायचा तेवढा झालाच होता. शेजारच्या फ्रेमवाल्याने काच बसवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

तेरवीच्या दिवशी दुपारी तो मुलगा मोटरसायकलवर फ्रेम घेऊन आला तेव्हा मी परत आलेला होतो. फ्रेमला अजून हार होता.

"काका, काय करून ठेवलं हे!" तो म्हणाला. राग आणि रडू यांच्या मधला आवाज होता त्याचा.

त्याने सांगितलं ते असं: घरात पाटावर फोटो मांडला. हार घातला, उदबत्ती लावली. त्याची आत्या फोटो पाहून मोठ्याने रडायला लागली. मग त्याची बहीण पाया पडायला वाकली, वर पाहिलं आणि म्हणाली, "हे तं मामाजी हायत." आणि तिचे मामाजी, म्हणजे सासरे, दोन हातांवर गादीवर बसून पाणी पीत होते. ते उठले. जवळ आले. हारातल्या स्वतःकडे बराच वेळ पाहिलं.

"जिता हाय नं मी अजून!" ते म्हणाले, आणि न जेवता चपला घालून निघाले. आता गावच्या स्टँडवर जाऊन बसले होते. बहीण रडत होती, की आता मी कोणत्या तोंडाने सासरी जाऊ.

काकांनी ग्रुप फोटो पडद्यावर उघडला. बोट ठेवलं. "हा नं तुमचा बाप?"

"हाव."

"मी यालेच धरलं होतं." ते आपल्या उजव्या हाताकडे पाहायला लागले. हात जणू दुसऱ्याचा होता.

मला सगळं त्या क्षणी कळलं. पडद्यावर वडील आणि इवाई बरोबर एका चौकोनाच्या अंतरावर उभे होते. मी काहीच बोललो नाही. मान खाली घालून बसलो.

"माया हात चुकला," काका त्या मुलाला म्हणाले. "घरी सांगजो, फोटोवाल्याचा हात चुकला."

त्यांनी मला बरोबर चेहरा कापायला सांगितला, आमच्याच प्रिंटरवर त्याची एक लहान प्रत काढून घेतली आणि ते मुलाच्या मागे मोटरसायकलवर बसून गेले. स्टँडवर इवायांसमोर टोपी काढून उभे राहिले. पुढचं त्यांनीच मला सांगितलं.

"म्हणलं, इवाई, मी म्हतारा झालो, चुकी झाली. पण एक सांगतो, जितेपणी ज्याच्या फोटोले हार पडला त्याचं आयुष्य वाढते. तं ते म्हणे, कोणत्या पोथीत हाय? म्हणलं, फोटोवाल्याईच्या."

इवाई हसले. परत आले, जेवले. त्यांचं आयुष्य खरोखरच वाढलं. पुढे बरीच वर्षं जगले. मेहकरच्या बाजाराला आले की स्टुडिओत डोकवायचे आणि लोकांना सांगायचे, "इथं आयुष्य वाढवून देतात." ती फ्रेम त्यांनी काकांकडून मागून घेतली होती. हार काढून पेटीत ठेवली होती, कारण त्यांच्या मते त्यांचा इतका चांगला फोटो दुसरा नव्हता. ते गेले तेव्हा त्यांच्या घरच्यांना फोटोसाठी मेहकरला यावंच लागलं नाही.

म्हणजे तसं पाहिलं तर कोणाचंच वाईट झालं नाही. काकांचं सोडून.

काका मोटरसायकलवर गेले आणि मी कात्री उघडली. दुरुस्ती एका ओळीची होती. पाच मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे स्टूल घेऊन बसले. "आता तू ओढ. मी सांगतो." त्यानंतर त्यांनी माऊसला हात लावला नाही. मागून सांगायचे, "अजून जरा... कान घे... थांब." बाकीच्यांची माफीसुद्धा मलाच मागायला लावायचे. मी गिऱ्हाइकासमोर लाजून ती तोंडातल्या तोंडात पुटपुटायचो.

आणि स्वतःची तपासणी सुरू केली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चिखलीला गेले. डॉक्टर म्हणाले, डोळे छान आहेत. विश्वास बसला नाही, म्हणून जालन्याला गेले. दोन वर्षं मी तिथे होतो, त्यातल्या शेवटच्या काही महिन्यांत त्यांनी तीन चष्मे बदलले. पायरीवर उभे राहून स्टँडवरच्या गाड्यांच्या पाट्या वाचायचे: लोणार, रिसोड, चिखली. एकही चुकायची नाही. मग डोळे नाहीत तर हात, म्हणून माठापासून काउंटरपर्यंत काठोकाठ भरलेला पेला घेऊन चालले. थेंब सांडला नाही. मग डोकं, म्हणून काकूंना समोर बसवून एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला. काकूंना एकोणतीसचा येत नव्हता, त्यामुळे बरोबर म्हटला की चुकीचा ते कोणालाच कळलं नाही.

"सगळं बरोबर हाय," एक दिवस ते मागून म्हणाले. "मंग चुकलं कोण बे?"

माझी पाठ त्यांच्याकडे होती. मी पुढचा फोटो उघडला.

मग मला पुण्यात नोकरी लागली. तिथे माझं 'करून राह्यलो' ऐकून लोक हसायचे, म्हणून मी ते सोडून दिलं. मुलाखतीत विचारलं होतं, तुम्ही प्रोग्राम कसा तपासता? मी म्हणालो, चारी कोपऱ्यांतून ओढून पाहतो, थरथरणारे हात लक्षात घेतो, कडेचा माणूस लक्षात घेतो. ते फार प्रभावित झाले. काकांची वाक्यं होती सगळी. त्यांचं नाव मी घेतलं नाही.

वीस वर्षं होत आली. मी मेहकरला गेलो नाही. आत्याकडेही नाही. गेल्या वर्षी चिखलीला एका लग्नाला आलो होतो, तिथून पाय आपोआप मेहकरच्या गाडीकडे वळले, असं मी लिहिणार होतो. पण ते आपोआप नव्हतं. चार वेळा स्टँडवर जाऊन परत आलो, पाचव्यांदा बसलो.

स्टुडिओच्या जागी आता काकांची सून ऑनलाइन फॉर्म भरून देते. काका अंगणात बाजेवर बसले होते. ऐंशीच्या घरात. मला पाहून म्हणाले, "इंजिनिअर!" म्हणजे ओळखलं, आणि रागावलेलेही होते.

मी पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं. बस, वडनेरची मुलगी, उणेचं चिन्ह, सगळं. काकांनी खिशातून काडेपेटी काढून बाजेवर ठेवली. "हा बाप," ते म्हणाले. "मी इथून धरला," आणि पेटीच्या उजव्या काठावर बोट ठेवलं. मग त्या काठावरून पेटी हळूच पलटी केली. ती शेजारी जाऊन पडली.

"म्हणजे इवाई."

"हाव काका."

त्यांनी पेटी परत उचलून ठेवली, परत पलटी केली. तीन-चार वेळा. मग घराकडे तोंड करून ओरडले, "अवं! माये डोये चांगले होते!"

"कधी?" आतून काकू.

"तवा! इवायाच्या वक्ती!"

"मंग ते तीन चश्मे?"

"ते यानं घालाचे होते!"

शेजारी शिलाईचं काम करणारे एक गृहस्थ भिंतीवरून डोकावले. काकांनी त्यांना बोलावून बसवलं. "याले सांग," मला म्हणाले. "पहिल्यापासून सांग. काडेपेटी घे."

मी सांगितलं. बस, मुलगी, चौकोन, इवाई. "आणि काका म्हणाले, माझा हात चुकला. मला सगळं समजलं होतं, पण मी गप्प बसलो."

काकांनी बोट वर केलं.

"गप्प कुठं बसला बे? तू बोलला."

मी वर तसंच लिहिलं आहे, की मी काहीच बोललो नाही. बायकोलाही मी हे सांगताना असंच सांगितलं होतं. वीस वर्षं स्वतःलाही असंच सांगत आलो. ते खोटं आहे.

"तो पोट्टा फटफटी वळवून राह्यला होता," काका शिंप्याला सांगायला लागले, "अन् हा मायाजोळ आला. म्हणे, 'होते काका. या वयात होतेच असं.' अन् समोरच्या हॉटेलात मायासाठी चहा सांगतला. कमी साखरेचा." ते माझ्याकडे वळले. "तवापासून मी कमी साखरेचाच पेतो."

मी त्यांचे पाय धरले. म्हणालो, "काका, माफ करा."

"काहाले करू?" ते म्हणाले. "आता माफ केलं का तू गेला. पुन्हा वीस वर्षं तोंड दाखवणार नाही. अन् मायाजोळ वीस नाहीत." मग आत पाहून ओरडले, "चहा टाक वं! भल्ली साखर टाकजो!"

तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी मी मेहकरला जातो. माफी अजून झालेली नाही. काका दर वेळी कोणाला तरी धरून आणून बसवतात आणि मला पहिल्यापासून सांगायला लावतात. पोस्टमनला सांगून झालं, सुनेच्या माहेरच्यांना सांगून झालं, फॉर्म भरायला आलेल्या दोन अनोळखी माणसांनाही. चौकोन बऱ्याच जणांना समजत नाही, काडेपेटी समजते. आणि मी चहाच्या जागेपाशी आलो की काकांचं बोट वर जातं, आणि ते वाक्य मला पुरं म्हणावं लागतं.

परवा दळण घेऊन चाललेल्या एका शेजारणीला त्यांनी हाक मारून बसवलं. मी ते वाक्य जरा घाईने म्हटलं.

"सावकाश बोल," काका म्हणाले. "तिले कमी ऐकू येते."

तिला चांगलं ऐकू येतं.